पहिली वाफ

त्रेसष्ट.

पडद्यावर आकडा उमटला आणि हिल्काच्या हातातला स्क्रूड्रायव्हर थेट कॉफीत पडला. इतके दिवस त्या सेन्सरने नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं ओकली होती. आज कुठे तिला चूक सापडली. सेन्सर भरभर बोलत होता, त्याचे निरोप वाचणारा टेबलावरचा बोर्ड सावकाश ऐकत होता. तिने दोघांचा वेग एक केला, आणि पठ्ठ्याचा पहिलाच धड शब्द हा: सौनात त्रेसष्ट अंश.

सौना, म्हणजे वाफेने न्हायची ती लाकडी खोली, तर थंडगार असायला हवा होता. नवाकोरा होता तो. टेकाडापलीकडे, खाली तळ्याकाठी, हिल्का आणि तिची बालमैत्रीण रौहा, दोघींनी तीन उन्हाळे राबून बांधलेला. भट्टीचे दगड रौहाने एकटीने होडीतून आणले. होडी इतकी खोल गेली, की एक भला मोठा मासा काठावरून आत आला आणि पैलतीरापर्यंत फुकट बसून आला. शेजारची केर्तू रोज कुंपणाशी यायची आणि खिदळायची. "सौना बांधताय की कोंबड्यांचं खुराडं?" केर्तू हसली की रानातली हरणं तळ्यात उड्या टाकायची, असं ते हसणं.

छपराच्या फळ्या ठोकताना हिल्का खाली आली. मांडीपर्यंत प्लास्टर. तेव्हा रौहाने तिच्या उशाशी बसून, डोळे पुसत शब्द दिला होता.

"तुझा पाय बरा होईपर्यंत भट्टीत काडीसुद्धा जाणार नाही. पहिली वाफ तुझ्या हातची. आणि त्या केर्तूला उंबरा ओलांडू देणार नाही!"

भट्टीवरच्या तापल्या दगडांवर ओगराळंभर पाणी टाकलं की वाफ उठते; नव्या सौनाची पहिली वाफ एकदाच येते. चुकली की चुकली.

अंथरुणात पडल्या पडल्या हिल्काने हा खटाटोप मांडला तोही रौहासाठीच. सेन्सर सौनाच्या भिंतीवर, वायर टेकाडावरून थेट स्वयंपाकघरात, रौहानेच ओढून दिलेली. 'तापला गं' एवढं सांगायला रौहाने टेकाड चढायला नको की फोन लावायला नको.

सदुसष्ट.

आग! खाली जाऊन बघावं, तर पाय लाकडासारखा. तिने फोन लावला.

"रौहा, पळ! आपला सौना पेटलाय!"

"काय बडबडतेस?" रौहाला धाप लागली होती. "आत्ताच तिकडून आले मी. दगड बर्फासारखे गार आहेत."

"इथे सदुसष्ट दाखवतंय."

"कालपर्यंत चौकोन दाखवत होतं, आज सदुसष्ट. उद्या तुला राणीसाहेब म्हणेल, तेही खरं मानशील? वायरी तपास बाई."

मागे काहीतरी चर्रर्र वाजलं.

"ते काय गं?"

"मासे तळतेय. जळतील ते तुझ्यापायी."

"चुकलं गं माझं. उगाच तुला घाबरवलं. पण फोन ठेवू नकोस हं, मी बघते."

तिने फोन टेबलावर उघडा ठेवला आणि कामाला लागली. रौहा कशाला खोटं बोलेल? खोटं यंत्र बोलतं. तिने सुरीच्या टोकाने स्क्रू ढिले करून पुन्हा आवळले. अर्थिंग सोडून पुन्हा जोडलं. बोर्डाची बोलायची वायर त्याच्याच ऐकायच्या टोकाला लावून पाहिली. जे बोलला तेच त्याने ऐकलं. कान ठीक होते. परत सेन्सर जोडला आणि बेरीज पाहिली. सेन्सर प्रत्येक निरोपाच्या शेवटी आपल्या आकड्यांची बेरीज धाडतो. निरोप वाटेत बिघडला तर ती जुळत नाही.

जुळत होती. दर वेळी जुळत होती.

"सापडलं का काही?" फोनमधून रौहा ओरडली.

"नाही गं. सगळं चोख आहे."

"मग सेन्सरच नासका. तरी मी म्हणत होते, स्वस्तातला घेऊ नकोस. बंद कर ते आणि पाय वर करून पड!"

मागे कोणीतरी खिदळलं. हिल्काचा हात वायरीवरच थांबला.

"कोण हसलं?"

"रेडिओ."

ऐंशी. हिल्का बंद करायच्या बटणाकडे हात नेणार, तेवढ्यात फोनमध्ये पुन्हा चर्रर्र झालं. आणि पडद्यावर उष्णतेच्या खालचा दुसरा आकडा, ओलाव्याचा, दहावरून टुणकन पंचवीसवर गेला. मग हळूहळू उतरला.

तिने हात मागे घेतला. रौहाचं स्वयंपाकघर तळ्याच्या पार पलीकडच्या काठाला. तिथल्या तव्यावरचे मासे इथला सौना कसा भिजवतील?

ती नुसती बसून राहिली. एक डोळा फोनवर, एक पडद्यावर. चर्रर्र. पंचवीस. पुन्हा उतरला. पुन्हा चर्रर्र, पुन्हा पंचवीस.

बेरीज जुळली.

कॉफीतून तिने स्क्रूड्रायव्हर काढला, जुन्या एप्रनला पुसला, डब्यात ठेवला आणि डब्याचं झाकण लावलं. मग फोन कानाशी धरला.

"रौहा, यंत्र दुरुस्त झालं बरं का."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? वायरच होती ना?"

"नाही गं, वायर बिचारी चांगली होती."

"मग काय होतं?"

"ते जाऊ दे. तुझे मासे जळतील. आणि केर्तूला म्हणावं, एक ओगराळं पाणी माझ्या वाटणीचंही टाक."