मधल्या दोन गोळ्या

प्रार्थनाने गोळ्यांचं पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं. एका टोकाकडून ती ओळीने एकेक गोळी काढत आली होती. पुढची सगळी घरं भरलेली असायला हवी होती. पण मधलीच दोन फुटलेली होती.

पाकीट ती साड्यांच्या खाली ठेवायची. तिथं हात घालणारं घरात होतं कोण? तिचा नवरा जोएल कधी कपाट उघडत नसे. त्याला स्वतःचा रुमाल सापडत नव्हता. आत्ताही तो अंगणात टेम्पो धूत होता. राहिल्या सासूबाई, मरियाबाई.

गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर मरियाबाई आणि शेजारची दगडाबाई कोपऱ्यात बोलत उभ्या होत्या. प्रार्थना जवळ गेली तशा दोघी गप्प झाल्या. पण दगडाबाईचं शेवटचं वाक्य तिच्या कानावर पडलं होतं. ‘आजकालच्या पोरी गोळ्या खात्यात, मंग पाळणा कुटनं हलायचा?’ तेव्हापासून रोज जेवण झालं की प्रार्थना गोळी घ्यायला आत जायची आणि मरियाबाई पाठमोऱ्या बसूनसुद्धा तिच्याकडेच बघत असल्यासारख्या वाटायच्या.

ती पाकीट घेऊन मागच्या पडवीत गेली. मरियाबाई मेथी निवडत होत्या.

“आई, माझ्या कपाटाला हात लावला होता?”

“म्या कशाला लावू?” त्यांनी मान वर केली नाही.

“गोळ्या कमी झाल्यात.”

“मोजून ठिवल्या हुत्या व्हय?”

“मोजायला कशाला पाहिजेत? मधनंच काढल्यात.”

मरियाबाई निवडत राहिल्या. पानं केरात पडत होती आणि काड्या पातेल्यात. प्रार्थनाला ते दिसलं आणि तिची खात्रीच पटली.

“दगडामावशी काय म्हणते ते म्हणू दे. या मूल न होण्याच्या गोळ्या नाहीत. मला लघवीला जळजळ होत होती, थंडी वाजून ताप आला होता. डॉक्टरांनी तपासून दिल्यात. बरं वाटलं तरी पाकीट संपवायचं, मध्येच सोडायचं नाही, असं बजावलंय. तुम्ही फेकल्या असतील तर तसं सांगा. मी दुसऱ्या आणते.”

“मला ठावं हाय त्या कशाच्या हायेत.”

“कुणी सांगितलं?”

“भिंत पातळ हाय. तू जोएलला सांगत हुतीस, समदं ऐकू आलं.”

प्रार्थनाचे कान तापले. नवऱ्याला सांगतानाही तिने दिवा मालवला होता. म्हणजे आता हे दगडाबाईच्या ओसरीवर जाणार, तिथून सगळ्या वस्तीत.

ती काही बोलणार तोच मरियाबाई पदर तोंडाला लावून उठल्या. मोरीपर्यंत पोचायच्या आधीच त्यांना उलटी झाली. प्रार्थनाने पाकीट कमरेला खोचलं आणि त्यांची पाठ धरली. पोटातून नुसतं पिवळं पाणी पडत होतं.

“सकाळपासून काही खाल्लं नाही का?”

“न्हाई. म्हनलं उपाशीपोटी घेतली का बिगीनं लागू पडंल...”

मरियाबाई थांबल्या. त्यांनी चूळ भरली. परत भरली.

“आई. तुम्ही खाल्ल्या?”

“फेकीन कशाला? औषध हाय ते.” त्या मोरीच्या कडेला खाली बसल्या. “तुजी जळजळ थांबली. म्हनलं माजी बी थांबंल.”

प्रार्थनाला राग आवरेना. “जेवल्यावर घ्यायच्या असतात त्या! आणि कुणाच्या कुणी घ्यायच्याच नसतात. तुमची बीपीची गोळी चालू आहे. काही झालं असतं म्हणजे? मला सांगायचं तरी.”

“काय सांगू? ह्या वयात आसलं?”

“मी सांगितलंच ना डॉक्टरांना.”

“तू सांगितलंस म्हनून तर कळलं मला,” मरियाबाई म्हणाल्या, “का ह्याला गोळी आसती.”

प्रार्थनाने त्यांना हात देऊन उठवलं. मग तिने अंगणात जाऊन जोएलला टेम्पो काढायला सांगितला.

“कुणाला काय झालंय?” श्रीरामपूरच्या रस्त्याला लागल्यावर त्याने विचारलं.

“पित्त,” मरियाबाई म्हणाल्या. “सकाळपासून उपाशी आहेत ना,” प्रार्थनाने जोड दिली. जोएलने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. या दोघी एकमेकींची बाजू कधीपासून घ्यायला लागल्या, ते त्याला कळेना.

डॉक्टर बाईंनी रिकामी घरं पाहिली, पण रागावल्या नाहीत. गेलेल्या दोन गोळ्यांची चिठ्ठी त्यांनी प्रार्थनाला लिहून दिली. मग मरियाबाईंची नाडी पाहिली, बीपी घेतलं, कोणत्या औषधाने कधी पुरळ आलं होतं का, दम लागला होता का, ते विचारलं. “तुम्हाला आत्ता लगेच गोळी नाही. आधी लघवी आणि रक्त तपासू. त्यात दिसेल त्याप्रमाणे तुमचं औषध तुम्हाला. सुनेचं नाही.”

मरियाबाईंनी मान हलवली.

“कधीपासून होतोय हा त्रास?”

मरियाबाईंनी दार नीट लागलंय का ते वळून पाहिलं. “येतंय, जातंय. रानात दिसभर कामाला आसलं, पानी कमी पिलं, का वाडतंय.”

“हो, पण सुरू कधी झाला?”

“जोएल पोटात हुता तवापासनं.”

डॉक्टर बाईंनी लिहिता लिहिता वर पाहिलं. “जोएल कोण?”

प्रार्थनाने दाराच्या काचेकडे बोट केलं. पलीकडे बाकावर तिचा नवरा मोबाईलमध्ये बघत बसला होता. मान खाली घातल्यावर त्याच्या डोक्यावरचं टक्कल दिसत होतं.