उभी बाभूळ

बीडच्या कॉलेजात, कारभारी सुताराच्या डोळ्यांदेखत, लेकीचा पाचवा ठोकळाही दाबयंत्रात फुटला. बाभूळ त्यानंच शिरूरहून आणली होती. लेकीनं तिचा कोळसा करून, त्याला भट्टीत सिलिकॉन पाजून सच्छिद्र सिरॅमिक बनवलं होतं. “आता असला परदेशी माल खुला झालाय,” तिचे सर हसले. “कशाला मेहनत? उरलेला शेवटचाही फुटला, की तुझा विषय बंद.” कारभारीनं तुकडा उन्हात धरला. बाभळीच्या रेषा तशाच होत्या, अन् भेग रेषेरेषेनं गेलेली. “सायेब, ठोकळा आडवा पाडून कावून दाबता?” “सिरॅमिकला उभं-आडवं नसतं, काका.” “बाभळीला असतंय.” लेकीनं रेषा उभ्या करून शेवटचा ठोकळा ठेवला. यंत्राचा काटा आधीच्या दुप्पट दाबावर गेला, तिप्पट गेला. “बास, मानलं! थांबव, फुटेल.” सरांचा हात बटणाकडं आला. तिनं तो बाजूला सारला. “फुटू द्या की सर. किती सोसून फुटतो, तेच लिहायचंय.”