सात नंबरचे आजोबा

हॉस्पिटलच्या आमच्या मजल्यावरचे स्टाफमधले नऊ जण एकाच आठवड्यात तापाने आडवे झाले, आणि हा व्हायरस कुणाकडून कुणाकडे गेला ते शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सात नंबरच्या खोलीतले आजोबा तो घेऊनच दाखल झाले होते, पण त्यांच्या खोलीत ड्यूटीवरच्या सिस्टरशिवाय कुणी पाऊलही टाकायचं नाही, असा कडक नियम होता. म्हणून मी एकेकाला घरी फोन लावला.

"कुणाला सांगू नका हं," एक्स-रेवाला खोकत म्हणाला. "पत्त्यांचा एक डाव टाकायला जायचो. 'तुझ्याशिवाय मला आहे कोण?' म्हणतात हो बिचारे!"

सफाईवाल्या मावशी त्यांना पेपर वाचून दाखवायच्या. त्यांनाही आजोबा हेच म्हणाले होते. मोठ्या डॉक्टरांनी आधी माझ्यावर आवाज चढवला, मग हळूच विचारलं, "बुद्धिबळाचं आजोबांनी सांगितलं का तुम्हाला?"

संध्याकाळपर्यंत माझ्या कागदावर नऊ बाण झाले, नऊच्या नऊ सात नंबरमधून निघालेले. म्हातारा चांगलाच बेरकी निघाला! नऊ जणांना एकच वाक्य, आणि प्रत्येकाला वाटतंय की आपण नसलो तर या माणसाचं कसं व्हायचं.

 

मग शिंक आवरत मी दहावा बाण काढला. मला आपलं वाटत होतं, माझ्याशी तरी ते खरं बोलतायत.