ओ देऊ नगा

जीप वस्तीच्या तोंडाशी थांबली, तशी बायनाबाईच्या हातातली किल्ली खाली पडली. तिनं ती उचलली, दाराला कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली दाराखालच्या फटीतून आत सरकवली. किल्ली जवळ असली की हिसकावून घेणार, ही तिची भीती. आत तिचा नवरा आश्रुबा ज्वारीच्या कणगीमागं गोधडी पांघरून बसला होता.

"काय बी होऊ द्या, चूं करू नगा," तिनं त्याला बजावलं होतं. "मी हाक मारली तरी ओ देऊ नगा. रडून मारली तरी. त्येंनी बळंच मारायला लावली, असं समजा."

हे काही तिच्या डोक्यातून निघालेलं नव्हतं. आणीबाणीचं साल. बाजारात ऐकलं होतं, की नसबंदीच्या आप्रेशनवाल्यांची जीप कुठल्याशा गावात शिरली, गडीमाणसं तुरीत लपली. मग एका बाईला बांधावर उभं करून तिलाच नवऱ्याला हाक मारायला लावली. तो भोळा बायकोचा आवाज ऐकून बाहेर आला आणि टाके घालूनच घरी परतला. खरं-खोटं देव जाणे, पण विषाची परीक्षा कोण घेणार? बायनाबाईच्या पदरात दोन पोरी होत्या, मुलगा अजून व्हायचा होता.

परभणी स्टेशनच्या पलीकडं, रुळांच्या कडेनं ही पन्नासेक घरं. दुष्काळात खडी फोडायला आलेल्यांनी ती उभी केली, आणि पुढं पाऊसपाणी झालं तरी माघारी कुणी गेलं नाही. आश्रुबानं चार वर्षांत मातीच्या भिंती घातल्या, वर पत्रे टाकले. पोरी पेडगावला आजीकडं गेल्या होत्या. घर ओस दिसावं म्हणून बायनाबाईनं दोरीवरचे त्यांचे झगे काढले होते, दारातली चूल मोडली होती, अंगणात मुद्दाम पाचोळा टाकला होता. अंगणात कधी काडी न राहू देणारी बाई ती.

कारकून आला. मागं गेरूचा डबा घेतलेला शिपाई.

"हे घर कुणाचं?"

"कुणाचंच न्हाई, सायेब." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "वरीस झालं. निघून गेले."

"तू कोण?"

"म्या ... म्या आपली वाटंनं जायलेय."

कारकुनानं पाचोळ्याकडं, मोडक्या चुलीकडं पाहिलं आणि यादीत काहीतरी लिहिलं. शिपायानं दारावर गेरूची फुली ओढली. बायनाबाईनं सुटकेचा निःश्वास टाकला. आपण जिंकलो, असं तिला वाटलं.

शेजारच्या दारात म्हातारी चांगुणाबाई बसली होती. तिला कुठलं आलंय आप्रेशनचं भय! कारकुनानं तिचा अंगठा घेतला आणि हातात गुलाबी चिठ्ठी दिली.

"आजी, ही जपून ठेवा. सोमवारी ही सगळी घरं पडणार. चिठ्ठी असेल त्याला जिंतूर रोडला जागा मिळेल. नसेल त्यानं आपली वाट धरायची."

बायनाबाईला क्षणभर काही कळेचना. कळलं, तेव्हा ती कारकुनाकडं धावली.

"सायेब! त्ये घर माजं हाय!"

"आत्ता तर कुणाचंच नव्हतं. चिठ्ठी दिसली की तुझं झालं?"

"म्या भ्याले वो! मालक आत हायेत."

"हिचंच हाय, सायेब," चांगुणाबाई म्हणाली.

"तुम्ही एकमेकींचं सांगणारच."

"किल्ली कुठाय?" शिपायानं विचारलं.

"आत टाकली."

शिपाई खो खो हसला. तिनं कुलूप फोडायला दगड उचलला, तर त्यानं तिचा हात धरला.

कारकून काही दुष्ट नव्हता. त्यानं एकदा कुलपाकडं पाहिलं, एकदा तिच्याकडं. "नवरा आत आहे ना? मग हाक मार. त्यानं ओ दिली, तर मी लिहिलेलं खोडतो."

"अवो!" ती दाराला तोंड लावून ओरडली. "अवो, बोला की! आप्रेशनवाले न्हाईत ह्ये. जागा द्यायलेत आपल्याला!"

आत काहीतरी खसफसलं. गोधडी आणखी आवळून घेतल्याचा तो आवाज तिनं ओळखला.

"उंदीर," शिपाई म्हणाला.

"नाव घेऊन हाक मार," कारकून म्हणाला. "यादीत नावच लागतं."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. उखाण्याखेरीज तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं, परक्या पुरुषांसमोर तर नाहीच. तिनं डोळे मिटले आणि दोन्ही तळहात दारावर आपटले.

"आश्रुबा! आश्रुबा, ओ द्या!"

आता आत उंदीरही हलला नाही. कारकून थांबायला हवं त्यापेक्षा जरा जास्तच थांबला. मग त्यानं पेनाला टोपण लावलं आणि पुढच्या घराकडं वळला. ती त्याच्या मागं चार पावलं गेली, परत आली आणि उंबऱ्यावर मटकन बसली. तासाभरानं जीप निघून गेली.

बऱ्याच वेळानं दाराखालच्या फटीतून किल्ली हळूच बाहेर आली. तिच्यामागून कुजबुज आली.

"गेले का गं? भिऊ नगंस. तू माजं नाव घेतलंस, तवाच वळखलं म्या, तुला बळंच बोलायला लावायलेत म्हणून."