आईची बिडाची चूल

“हलवली तिनं चूल,” भिंतीवर तळहात टेकवून एर्सिलिया म्हणाली. “हात लावून बघ. भिंत गार पडली आहे.”

नोल्बेर्तो नुकताच कारखान्यातून आला होता. भुवयांत कागदाचा लगदा वाळून चिकटलेला. त्याने हात काही लावला नाही. “थंडी वाजत असेल तर आपली चूल पेटव,” एवढं बोलून तो झोपायला गेला.

नदीकाठच्या आमच्या वस्तीत घरं जोडीजोडीनं बांधलेली होती. दोन घरांत मधली भिंत एकच, दोन्हीकडून लाकडी फळ्या ठोकलेली, आत पोकळ. इकडे एर्सिलिया आणि तिचा नवरा, पलीकडे धाकटी क्लेमिरा आणि त्यांची म्हातारी आई. आईची बिडाची चूल त्या भिंतीलाच लागून होती, मागे पत्रा मारलेला. दक्षिणेतला आमचा पाऊस सुरू झाला की थांबायचं विसरतो. त्या दिवसांत ती एक चूल दोन्ही घरं उबदार ठेवायची.

किटली उकळली की चुलीच्या सळईनं भिंतीवर तीन ठोके द्यायचे. पलीकडून तीन ठोके आले की शाल गुंडाळून जायचं आणि एकाच नळीनं आळीपाळीनं यर्बाच्या पानांचा कडू चहा ओढत बसायचं. भांडण मिटवायचीही तीच रीत होती. ज्याला मिटवायचं त्यानं ठोकायचं. उत्तर आलं नाही तर मात्र दारात जायचं नाही. तसं गेलेल्या माणसाला वस्तीत कोणी मान देत नसे.

आई गेली आणि चुलीवरून ठिणगी पडली.

“मी थोरली. चूल माझी,” एर्सिलिया भिंतीतून ओरडायची.

“आईचं हगणंमुतणं काढताना कुठं होती ही थोरली?” पलीकडून यायचं.

दिवसभर हेच. नोल्बेर्तो रात्री कारखान्यात लगद्याच्या हौदावर उभा असायचा आणि दिवसा कानावर उशी दाबून पडलेला असायचा. तो गरीब माणूस. दोघींपैकी कुणालाच कधी काही बोलला नाही. आई जाऊन महिना झाला त्या दिवशीच्या प्रार्थनेला दोघी देवळात गेल्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला बसल्या, तेव्हासुद्धा हा घरी राहून भिंतीच्या कुजलेल्या फळ्या बदलत होता. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं आम्ही बायका म्हणायचो.

कारखान्याचा त्याला मोठा अभिमान. जुनी वर्तमानपत्रं, सिमेंटच्या पिशव्या, लाकडाचा भुसा, सगळं शिजवून आणि दाबून तिथं करडे, मऊसर तक्ते करायचे. नीट पाहिलं तर त्यात अर्धवट अक्षरं दिसत. “राजधानीतल्या रेडिओच्या गाण्याच्या खोलीत भिंतींना आमचेच तक्ते आहेत,” तो सांगायचा. “क्लेमिराची ती लाडकी गायिका आमच्याच कारखान्यात बसून गाते म्हणा ना.”

पण आता क्लेमिराचा रेडिओही ऐकू येईना.

“आवाज बारीक केला सटवीनं,” एर्सिलिया म्हणाली. “मला गाणं फुकट मिळेल ना!”

पावाच्या दुकानात शेजारची सुलेमाबाई तिला म्हणाली, “क्लेमिरा सांगत होती, ताई आता श्वासपण ऐकू येऊ देत नाही म्हणे. इतका राग बरा नाही गं.”

“मी? चोर तो चोर आणि वर शिरजोर!”

तरी त्या हिवाळ्याच्या शेवटी एर्सिलियाचंच मन आधी विरघळलं. तिनं किटली ठेवली, सळई घेतली आणि तीन ठोके दिले. पाणी आटेपर्यंत वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठोकलं. तिसऱ्या दिवशी शाल अंगावर घेऊन नवऱ्याला विचारलं, “जाऊन येऊ का रे?”

“उत्तर आलं का?”

“नाही.”

“मग?” तो सूप फुंकत राहिला.

तिनं शाल खुंटीला लावली. दरवर्षी आई गेली त्या दिवशी मात्र ती ठोकायची, आणि दरवर्षी भिंत गप्प राहायची. रस्त्यात एक बहीण दिसली की दुसरी बाजू बदलायची. अशीच दोघींचे केस पांढरे झाले.

मग एका पावसाळ्यात सुलेमाबाई दारात आली. “क्लेमिराची छाती भरली आहे. उठवत नाही तिला. जा एकदा.”

“आधी तिनं ठोकावं,” एर्सिलिया म्हणाली. “मी पुष्कळ ठोकलं.”

सुलेमाबाई तिच्याकडे बघतच राहिली. “दगड आहेस तू,” म्हणाली आणि पावसात निघून गेली.

त्या दिवशी एर्सिलियानं इतकं ठोकलं की सळई हातातून निसटली. भिंतीला कान लावला. काही नाही. नोल्बेर्तो खुर्चीत बसून बुटांचे बंद सोडत होता, बांधत होता, पुन्हा सोडत होता.

रविवारी क्लेमिरा गेली.

मयताच्या घरी जायला ठोके लागत नाहीत. इतक्या वर्षांनी एर्सिलिया बहिणीच्या दारातून आत गेली. शवपेटीकडे वळण्याआधीच तिचे पाय थांबले.

चूल जागच्या जागी होती. आईनं ठेवली तिथंच, मधल्या भिंतीला लागून. आलेल्यांसाठी तिच्यावर किटली उकळत होती. एर्सिलियानं पत्र्याशेजारच्या फळीवर हात ठेवला. फळी गरम होती.

तिथंच, बसलेल्या बाईचा हात पोचेल अशा उंचीवर, लाकडात एक खळगा पडला होता. आत बोट बुडेल एवढा खोल.

“रोज किटली ठेवली की ठोकायची,” मागून सुलेमाबाई म्हणाली. “परवा हात उचलेना तर मला ठोकायला लावलं. आता कशाला आलीस?”

एर्सिलियानं चुलीची सळई उचलली. टोक फळीच्या फटीत घातलं आणि सगळा भार देऊन फळी उचकटली. खिळे किंचाळले. मागे पलीकडची फळी दिसली नाही. दोन्ही फळ्यांमधली पोकळी खालपासून वरपर्यंत करड्या, मऊसर तक्त्यांनी ठासून भरली होती. त्यात अर्धवट अक्षरं होती.

ती वळली. नोल्बेर्तो दारात उभा होता, टोपी हातात घेऊन.

“रात्रपाळी असायची ना माझी,” तो म्हणाला.