आडवारची मॅच

बुधवारी संध्याकाळी कोणी मॅच ठेवतं का? मुलाच्या कॉलेजचं अमेरिकन फुटबॉल बघायला नीलिमा अर्धी रजा टाकून म्युनिकहून कार्ल्सरूहेला आली होती. फुटबॉल कसलं, क्षणभर धक्काबुक्की आणि लगेच मैदानातच मीटिंग! ऑफिसात काय वेगळं असतं? वर थंडी मरणाची! मुलगा कठड्यापाशी आला तशी तिने कानटोपी पुढे केली. "हेल्मेटच्या आत घाल." "नाइन!" इतकी वर्षं आपण मराठीत बोलायचं आणि याने जर्मनमध्ये झिडकारायचं! वैतागून ती ओरडली, "कान ठणकले की मला फोन करू नकोस!" अख्खी टीम बघू लागली. मित्रांना कळू नये म्हणून तो चक्क मराठीत पुटपुटला, "आई, प्लीज, सगळे बघतायत! घरी गेल्यावर घालतो, शप्पथ." कानटोपी स्वतःच्याच डोक्यावर चढवून नीलिमाने शेजारच्या आजोबांना विचारलं, "पुढची मॅच कधी? आडवारी असली तरी चालेल."