पायांचा बॅकअप

कॅलेंडरवरच्या आजच्या चौकोनात तिने बरोबरची खूण केली आणि पेन्सिल परत खिळ्याला अडकवली. खूण म्हणजे दिवसाचा बॅकअप झाला. गेले चार महिने खुणा होत होत्या, बॅकअप होत नव्हता.

वडील बैठकीवर बसून तळव्याच्या चामड्याला आरीने भोकं पाडत होते. चार, मग चार, मग पुन्हा चार. पट्टी न लावता, सारख्या अंतरावर. दहा जोडांतून त्यांची शिवण ती डोळे मिटून, नुसत्या बोटांनी ओळखायची.

दुकान वेड्यावाकड्या पायांच्या बुटांचं होतं. एक पाय आखूड, टाच बसलेली, बोटं जुळलेली, अशी माणसं इतर दुकानांतून हात हलवत परतायची आणि इथे यायची. पूर्वी त्यांच्या पायांचे लाकडी साचे भिंतभर टांगलेले असत. तीन वर्षांपूर्वी तिनेच स्कॅनर आणला. साचे जळणाला गेले, आणि अकराशे चाळीस गिऱ्हाइकांचे पाय टेबलाखालच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसले. तो चालवता येणारी ती एकटीच.

आईच्या आजारपणात ती दोन महिन्यांसाठी म्हणून आली होती. त्याला अकरा वर्षं झाली. आई गेली, ती राहिली. दादा दर रविवारी फोन करायचा आणि म्हणायचा, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त. ते ऐकलं की कोणी तरी बाहेरून शटर ओढल्यासारखं तिला वाटायचं.

पुठ्ठ्याच्या नमुन्यांच्या खणात, सगळ्यात खाली, एक पत्र होतं. कृत्रिम अवयवांच्या एका मोठ्या केंद्रात तिला जागा मिळाली होती. एक तारखेच्या आत कळवायचं होतं. वडिलांना सांगायला ती रोज सकाळी वाक्य जुळवायची आणि रोज चहाबरोबर गिळून टाकायची.

बॅकअपची डिस्क चार महिन्यांपूर्वी बंद पडली. तिने नवी आणली नाही, एवढंच. जुना कॉम्प्युटर कुरकुरतच होता. एक दिवस तो आपणहून मेला असता, दुकान त्याच्याबरोबर संपलं असतं, आणि कोणी कोणाला सोडून गेलं असं झालं नसतं.

सोमवारी ती कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढून आतली धूळ झटकत होती. वडील चष्मा कपाळावर सरकवून जवळ आले. हे सगळे पाय नेमके असतात कुठे, असं त्यांनी विचारलं. तिने हार्ड डिस्क दाखवली.

"एवढ्याशा डबीत?"

"एवढ्याशाच."

"आणि दुसरी प्रत?"

का कोण जाणे, तिला खोटं बोलवेना. दुसरी प्रत नाही, चार महिने नाही, खुणा नुसत्याच, तिने सांगून टाकलं. मग बोलणी खायच्या तयारीने उभी राहिली. एक टाका तिरका गेला तर अख्खा जोड उसवणारा माणूस होता तो.

"असू दे," वडील म्हणाले. "घाई काय आहे?"

झाकण लावताना स्क्रू सापडला नाही. तिने ते तसंच टेकवून ठेवलं.

दुपारी वडिलांचा डोळा लागला तेव्हा तिने सगळ्या फाइल पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि तो आपल्या चष्म्याच्या डबीत टाकला. स्वतःवरच चिडून. वेळ आली तरी तो बाहेर काढायचा नाही, हेही तिने तेव्हाच ठरवलं.

गुरुवारी वडिलांनी तिला मास्तरांचे बूट पोचवायला पाठवलं. मास्तरांचा डावा पाय दीड इंच आखूड. बूट शनिवारी द्यायचे होते, न्यायला मास्तर स्वतः येणार होते. तिने हुज्जत घातली नाही.

परतली तेव्हा पडद्यावर एकच ओळ होती. डिस्क सापडत नाही. तिने चारदा बंद करून चालू केलं. नेहमीची कुरकुरही आली नाही.

वडील पाठमोरे बसले होते.

"गेलं ते गेलं," ते म्हणाले. "आता दुकान चालवायचं तरी कशावर? तुला कुठे जायचं असेल तर जा, पोरी. माझं मी बघेन."

शेवटच्या शब्दांना त्यांचा आवाज चिरकला. खांदे हलले.

दार सताड उघडं होतं. पाय उचलायचा तेवढा बाकी होता. तिने त्या खांद्यांकडे पाहिलं, मग बैठकीवरच्या अर्धवट छोट्या बुटांकडे. ते एका आठ वर्षांच्या मुलीचे होते. तिचं माप दर सहा महिन्यांनी घ्यावं लागे.

तिने चष्म्याची डबी उघडली.

"बाबा, रडू नका. सगळं आहे माझ्याकडे."

वडील सावकाश वळले. "सगळं?"

"सगळं. एकही पाय राहिला नाही."

त्यांनी पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट केला आणि तिला परत दिला.

"शहाणी आहेस," ते म्हणाले आणि हात धुवायला मागे गेले. नळ कितीतरी वेळ वाहत होता. धक्का बसलाय, तिने मनाशी म्हटलं.

शुक्रवारी दुरुस्तीवाल्याने दुसरा कॉम्प्युटर आणून बसवला. दुपारपर्यंत अकराशे चाळीस जण जागच्या जागी परत आले. तिने केंद्राला दोन ओळींत नकार कळवला. मग पत्र फाडायला खण उघडला. पत्र नमुन्यांच्या वर होतं. तिने ते खाली ठेवलं होतं.

ते हातात तसंच धरून, जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा म्हणून तिने त्याचं टेकवलेलं झाकण बाजूला केलं. डिस्कच्या पत्र्यावर भोकं होती. चार, एका ओळीत, सारख्या अंतरावर.